कोणतं बायबल घ्यावं, आणि सोबत काय वाचावं?

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात बायबल वाचू पाहणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात. कुणाला दवाखान्यात नव्या कराराची खिशात मावेल एवढी प्रत मिळालेली असते. ती वाचून होते आणि पुढं काय घ्यावं ते कळत नाही. वसईहून नेरळला राहायला आलेल्या घरात माहेरचं बायबल आणि मोबाइलवरून मागवलेलं बायबल शेजारी ठेवलं, की आतल्या पुस्तकांची संख्याच जुळत नाही. कशेळे-खांडस भागातल्या घरसभेत बसणाऱ्या मुलांना जुनी भाषा अडते. आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचून भारावलेला, ख्रिस्ती नसलेला एखादा वाचक विचारतो, की मला बायबल मुळातून वाचायचं आहे, पण घरात आणलं तर लोक भलताच अर्थ काढतील का?

या सगळ्यांना माझं पहिलं सांगणं एकच असतं. तुम्हाला न अडखळता मोठ्यानं वाचता येईल असं एक मराठी बायबल घ्या आणि त्यातलं एक शुभवर्तमान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. ते होईपर्यंत दुसरं पुस्तक विकत घेऊ नका. बायबलवर लिहिलेल्या पुस्तिका लवकर हाती येतात, स्वस्त असतात, तासाभरात वाचून होतात. त्यामुळं ढीगभर पुस्तिका वाचलेल्या माणसानं मार्कचं शुभवर्तमान मात्र कधी सलग वाचलेलं नसतं, असं फार दिसतं.

आधी गरज ठरवा

- रोजच्या मननासाठी हवं असेल, तर मोठं अक्षर, हातात पेलणारं वजन आणि कमीत कमी टिपा पाहा.
- अभ्यासासाठी हवं असेल, तर एक मुख्य भाषांतर आणि पडताळ्यासाठी दुसरं, अशी दोन लागतील. प्रत्येक पुस्तकाची प्रस्तावना, समांतर वचनांचे संदर्भ आणि नकाशे असलेली प्रत घ्या.
- घरसभेसाठी हवं असेल, तर सगळ्यांकडं एकच भाषांतर असू द्या. पाच जणांकडं पाच भाषांतरं असली, की निम्मा वेळ ओळी जुळवण्यात जातो.
- साहित्य किंवा इतिहास म्हणून वाचायचं असेल, तर एका संप्रदायाच्या शिकवणीला बांधलेल्या टिपा नसलेली साधी प्रत बरी.

इंग्रजी चांगलं येणाऱ्यांनाही मी पहिली प्रत मराठीच घ्या म्हणते. आपण रागावतो, रडतो, माफी मागतो ती मराठीत. स्तोत्रसंहिता याच गोष्टींनी भरलेली आहे.

मराठीत पर्याय कोणते

मराठी बायबलला दोनशे वर्षांहून मोठी परंपरा आहे. विल्यम केरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला नागपूरच्या वैजनाथ पंडितांच्या मदतीनं केलेला नवा करार १८११ मध्ये निघाला, तोही मोडी लिपीत. मुंबईच्या अमेरिकन मिशननं १८२६ मध्ये स्वतःचा नवा करार छापला आणि १८४७ मध्ये संपूर्ण बायबल आणलं. तेव्हापासून दर दोन-तीन पिढ्यांनी भाषा नवी करावी लागली, म्हणूनच आज दुकानात एकापेक्षा जास्त भाषांतरं दिसतात. त्यांतलं एकच खरं आणि बाकीची खोटी, असा त्याचा अर्थ नाही.

- बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं ‘पवित्र शास्त्र’ (आर. व्ही.): बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत उपासनेला हेच वाचतात. भाषा भारदस्त, वाक्यं लांब. पाठांतराला उत्तम. पाळकसाहेब ज्या वचनांचा हवाला देतात ती याच शब्दांत सापडतील.
- बायबल सोसायटीचंच सामान्य भाषेतलं (सी. एल.) भाषांतर: नवा करार पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे सोपं जातं.
- ‘सोपी मराठी’ भाषांतर: वाक्यं आखूड, शब्द रोजचे. दहावीच्या आसपासची मुलं आणि बऱ्याच वर्षांनी पुस्तक हाती घेणारे यांच्यासाठी. एका वाक्याची दोन-तीन वाक्यं केलेली असल्यानं बारीक अभ्यासाला अपुरं पडतं.
- मराठी आय. आर. व्ही. (इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन): जुन्या भाषांतराची भाषा आजच्या जवळ आणलेली. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुलं आहे, याचा उपयोग पुढं सांगते.
- फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’: साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेलं. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षांचे संपादक आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष असलेल्या लेखकाचं हे मराठी आहे. चर्चशी संबंध नसलेल्या वाचकाला मी बहुधा इथूनच सुरुवात करायला सांगते.
- पंडिता रमाबाईंचं भाषांतर: केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून, वर्षानुवर्षं खपून एका मराठी बाईनं केलेलं अख्खं बायबल. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याआधी काम पुरं झालं होतं. छापून बाहेर आलं १९२४ मध्ये. रोजच्या वाचनाला आज ते जड जाईल, पण पडताळ्यासाठी मिळालं तर सोडू नका. कमी शिकलेल्या बायकांना कळावं या हेतूनं त्या शब्द निवडत होत्या.

६६ की ७३?

नेरळच्या घरातला तो गोंधळ इथं सुटतो. प्रोटेस्टंट बायबलमध्ये जुन्या कराराची ३९ आणि नव्या कराराची २७, अशी ६६ पुस्तकं असतात. कॅथलिक बायबलमध्ये जुन्या कराराची ४६ असतात, म्हणून एकूण ७३. जास्तीची सात म्हणजे तोबीत, यहूदीथ, मक्काबींची दोन, ज्ञानग्रंथ, सिराख आणि बारूख. शिवाय एस्तेर व दानीएल या पुस्तकांतला काही वाढीव मजकूर. नवा करार दोघांचा सारखाच.

तुम्ही कॅथलिक असाल तर अनुक्रमणिका उघडा आणि ‘तोबीत’ शोधा. सापडलं नाही, तर मिस्साच्या वाचनांतले काही उतारे या प्रतीत मिळणार नाहीत. प्रत टाकून देण्याची गरज नाही, फक्त काय नाही ते ठाऊक असू द्या. रायगड जिल्हा कॅथलिकांच्या मुंबई महाधर्मप्रांतात येतो. तुमच्या धर्मग्रामात कोणतं मराठी भाषांतर वाचतात हे फादरांना विचारून मगच पैसे खर्च करा. तुम्ही प्रोटेस्टंट असाल आणि ७३ पुस्तकांची प्रत हाती आली, तर ती ‘चुकीची’ म्हणून परत करू नका. मक्काबींची पुस्तकं वाचली तर दोन्ही करारांमधल्या काळातलं यहूदी जीवन नीट समजतं.

दुकानात उभ्यानं करायची पारख

ही पंधरा मिनिटं वाचवू नका. दोन भाषांतरं शेजारी उघडा आणि तीन ठिकाणं काढा.

पहिलं, लूक अध्याय १५, उधळ्या मुलाची गोष्ट. हळू आवाजात वाचा. मुलगा घरी परततो तिथं तुम्हाला गोष्ट दिसते आहे, की तुम्ही शब्द लावत बसला आहात? गोष्टच अडत असेल तर ते भाषांतर तुमच्यासाठी नाही.

दुसरं, स्तोत्र २३. हे काव्य आहे. ओळी काव्यासारख्या तोडून छापल्या आहेत की सगळा मजकूर सलग ओतला आहे, हे पाहा. जिभेवर लय बसते का पाहा, कारण स्तोत्रं पाठ होण्यासाठीच असतात.

तिसरं, रोमकरांस पत्र, अध्याय ८. हा युक्तिवाद आहे आणि अवघड आहे. इथं सोप्या भाषांतरात ‘म्हणून’, ‘कारण’, ‘तरी’ हे दुवे गळले आहेत का ते तपासा. गोष्टीला सोपं भाषांतर चालतं. पौलाच्या पत्रांना दुवे शाबूत असलेलं लागतं. म्हणूनच अभ्यासाला दोन प्रती म्हटलं.

मग पुस्तकाचं शरीर पाहा. बायबलचा कागद पातळ असतो, मागच्या पानाची अक्षरं पुढं उमटतात. एखादं पान खिडकीच्या उजेडात धरून बघा. पाठीच्या टोकाशी डोकावून फर्मे (घडी घातलेल्या पानांचे जुडगे) दोऱ्यानं शिवलेले आहेत की नुसते गोंदानं चिकटवले आहेत ते पाहा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा अशी दमट असते, की चिकटवलेली जाड प्रत दोन पावसाळ्यांत पानं सोडू लागते. चार पैसे जास्त गेले तरी शिवलेलीच घ्या. शेवटी पानांचे आकडे चाळा. एखादा फर्मा उलटा किंवा दोनदा लागलेला असणं जाड पुस्तकांत नवीन नाही.

साठीच्या पुढच्यांसाठी मोठ्या अक्षरांची वेगळी आवृत्ती मागा. चष्म्याचा नंबर वाढण्याची वाट पाहू नका.

वाचायचं कुठून

पहिल्या पानापासून सुरू करणारे बहुतेक जण लेवीयपाशी थांबतात. उत्पत्ती वाचून होते, निर्गमाच्या पंचविसाव्या अध्यायापासून मंडपाची मोजमापं लागतात आणि उत्साह संपतो. त्यापेक्षा हा क्रम धरा:

१. मार्क: १६ अध्याय. रोज एक म्हटलं तरी सोळा दिवसांत होतो.
२. स्तोत्रसंहिता: १५० स्तोत्रं. दुसरं काहीही वाचत असलात तरी रोज एक स्तोत्र सोबत असू द्या.
३. लूक आणि प्रेषितांची कृत्ये: दोन्ही एकाच लेखकाची मानली जातात. २४ आणि २८ मिळून बरोबर ५२ अध्याय. आठवड्याला एकदा भरणाऱ्या घरसभेचं अख्खं वर्ष यात बसतं.
४. उत्पत्ती, आणि निर्गमाचे पहिले वीस अध्याय.
५. रूथ, योना, आमोस: तिन्ही आटोपशीर. आमोस हा गुराखी होता आणि गरिबांच्या नाडवणुकीवर त्याच्याइतकं तिखट कुणी बोललेलं नाही.
६. याकोब आणि फिलिप्पैकरांस पत्र, त्यानंतर रोमकरांस पत्र.

प्रकटीकरण शेवटी ठेवा. दानीएल आणि यहेज्केल वाचल्याशिवाय त्यातल्या पशूंचा आणि आकड्यांचा अर्थ लागत नाही, आणि मग दुसऱ्यानं परस्पर लावून दिलेला अर्थच मानावा लागतो.

घरात कुणाला वाचता येत नसेल तर ऐकण्याची सोय वापरा. यूव्हर्जनसारख्या मोफत अॅपमध्ये मराठी बायबल वाचता येतं आणि ऐकताही येतं. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर नेटवर्क येतं-जातं, तेव्हा कर्जतला आल्यावर हवी ती पुस्तकं उतरवून ठेवा. कातकरी-ठाकर घरांतल्या आज्या-आजोबांना गोष्ट ऐकण्याची सवय आपल्यापेक्षा जास्त आहे. त्यांच्यात बसून लूक ऐकला तर छापील टिपांत नसलेले प्रश्न निघतात.

टीकाग्रंथ: कधी घ्यायचे, कसे ओळखायचे

टीका म्हणजे वचनांवरचं विवरण. मराठीत ही परंपराही जुनी आहे. बाबा पदमनजींनी एकोणिसाव्या शतकातच नव्या करारावर टीका लिहिली. आज मराठीत एकेका पुस्तकावरची छोटी विवरणं मिळतात, पण मोठे ग्रंथ मुख्यतः इंग्रजीत आहेत. इंग्रजी झेपत असेल तर २०१५ मध्ये निघालेली एकखंडी ‘साउथ एशिया बायबल कॉमेंटरी’ पाहा. ती दक्षिण आशियातल्या अभ्यासकांनी लिहिलेली असल्यानं जात, गरिबी, शेजारचे इतर धर्म हे विषय तिथं टाळलेले नाहीत.

एक शुभवर्तमान वाचून झालं, वहीत स्वतःचे प्रश्न साठले, की मगच टीका घ्या. प्रश्न नसताना घेतलेली टीका नुसती मान डोलवायला लावते. घेण्याआधी एवढं पडताळा:

- लेखक कोण, कोणत्या मंडळीचा, पुस्तक कोणत्या साली निघालं, हे पहिल्या पानांत लिहिलं आहे का? नसेल तर ठेवून द्या.
- वादाच्या जागी लेखक एकाहून जास्त मतं देतो का? करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १४ मध्ये स्त्रियांच्या बोलण्याविषयीची वचनं आहेत, ती काढा. दोन ओळींत निकाल लावला असेल, तर इतर अवघड जागीही तेच होणार.
- कॅथलिक पुस्तक असेल तर बिशपांची छापण्याची परवानगी पुढच्या पानावर असते. तिचा अर्थ, श्रद्धेच्या विरुद्ध काही नाही इतकाच. आतलं प्रत्येक मत बिशपांचं आहे असं नाही.
- यहूद्यांविषयी काय लिहिलं आहे?

या शेवटच्या मुद्द्यावर मी थोडी हट्टी आहे. मत्तय अध्याय २७ मधल्या येशूच्या खटल्याच्या वर्णनाचा आधार घेऊन युरोपात शतकानुशतकं यहूद्यांना छळलं गेलं. १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेनं स्पष्ट केलं, की येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सगळ्या यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर टाकता येत नाही. आपला रायगड जिल्हा तर बेने इस्राएल यहूद्यांचा. अलिबाग, पेण, रेवदंड्याकडच्या गावांत शनिवार तेली म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत राहिले, आणि त्यांचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, सगळ्या गावाला ठाऊक होता. त्यांच्या शास्त्राला निम्म्याहून जास्त जागा देणाऱ्या ग्रंथावरच्या टीकेत त्यांचाच द्वेष असेल, तर ती टीका विकत घेऊ नये. हीच कसोटी शेजारच्या वारकऱ्याविषयी, मुसलमानाविषयी, आदिवासींच्या देवांविषयी लावा.

मनन-चिंतनासाठी

इथं मराठी वाचक खरा श्रीमंत आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची ‘अभंगांजली’ रोज एक अभंग या हिशेबानं वाचा, जमलं तर म्हणा. वारकरी घरात वाढलेल्या माणसाला येशूची भक्ती परकी का वाटत नाही, ते इथं कळतं. त्यांनी हाती घेतलेलं ‘ख्रिस्तायन’ दहा अध्यायांवर थांबलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट लिहून ते पुरं केलं. ते एकट्यानं वाचण्यापेक्षा नाताळच्या किंवा उपवासकाळाच्या दिवसांत घरात मिळून वाचावं.

लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ कुणी धार्मिक पुस्तकांच्या कपाटात ठेवत नाही. मी ठेवते. नवरा ख्रिस्ती झाल्यावर ज्या बाईनं आकांत केला, वर्षानुवर्षं वेगळी राहिली, सोवळ्याशी झगडली आणि मग स्वतःच्या पावलांनी श्रद्धेपर्यंत आली, तिचा हा जबाब आहे. श्रद्धा घाईनं येत नाही, आणि कुणाच्या दबावानं आलेली टिकत नाही, हे कोणत्याही प्रवचनाहून इथं जास्त स्पष्ट दिसतं. संक्षिप्त आणि पूर्ण अशा दोन्ही आवृत्त्या निघालेल्या आहेत, पूर्णच घ्या.

फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला रोमी लिपीत छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. पूर्ण वाचण्याचा संकल्प सोडू नका, पण सुरुवात दुसऱ्या पुराणातल्या येशूजन्मापासून करा. देवनागरी आवृत्त्या झालेल्या आहेत, आणि फादर नेल्सन फल्काव यांनी त्याचं गद्य मराठी रूपांतरही केलं आहे. ओवी अडली तर ते शेजारी ठेवा.

आजच्या लेखनात फादर दिब्रिटो यांचं ‘ओअॅसिसच्या शोधात’ तरुणांना आवडतं, आणि ‘नाही मी एकला’ हे आत्मकथन वाचून वसईच्या हरित वसई चळवळीत एक धर्मगुरू का उतरला ते समजतं.

खोपोलीवरून घाट चढला की लोणावळा. फादर अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांच्या साधना संस्थेचं नाव तिथलंच. त्यांचं ‘साधना’ हे पुस्तक म्हणजे श्वास, शांतता आणि कल्पनाचित्रांतून प्रार्थनेकडं नेणारे सराव. एका बैठकीला एकच सराव करा. कॅथलिक वाचकांना हेही माहीत असावं, की १९९८ मध्ये व्हॅटिकननं त्यांच्या काही लिखाणाबद्दल, मुख्यतः उत्तरकाळातल्या, सावधगिरीची सूचना काढली होती. मी पुस्तक टाळा म्हणत नाही. शुभवर्तमान जवळ ठेवून वाचा.

संत इग्नेशियस यांची ‘आध्यात्मिक साधना’ मात्र एकट्यानं वाचायला विकत घेऊ नका. चार ‘आठवड्यां’ची ती साधना करवून घेणाऱ्या मार्गदर्शकासाठी लिहिलेली आहे; नुसती वाचली तर सूचनांची कोरडी यादी वाटते. मार्गदर्शक मिळाला, तर त्याच्यासोबत करा.

मननाची साधी रीत बाराव्या शतकात गिगो नावाच्या साधूनं मांडलेल्या चार पायऱ्यांची आहे: वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. दहा-बारा वचनांपेक्षा मोठा उतारा घेऊ नका. मोठ्यानं दोनदा वाचा, जो शब्द अडकवून ठेवतो तिथं थांबा, त्यावरून देवाशी बोला, मग काही न बोलता बसा. याला कोणतंही पुस्तक विकत घ्यावं लागत नाही.

फुकट पुस्तकं, आणि कुठं सावध राहायचं

फुकट म्हणून वाईट नाही. गिदियन मंडळी वाटतात त्या नव्या कराराच्या छोट्या प्रतींनी कित्येकांचं वाचन सुरू झालं आहे. फक्त देणारा कोण ते विचारा. यहोवाचे साक्षीदार स्वतःचं ‘नवे जग भाषांतर’ वापरतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या त्रैक्याबद्दल त्यांची शिकवण कॅथलिक व प्रोटेस्टंट मंडळ्यांहून वेगळी आहे. घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण कळून घ्या.

ही पुस्तकं मात्र घेऊ नका:

- जगबुडीची तारीख सांगणारी. मार्क अध्याय १३ मध्ये येशू स्वतःच सांगतो की तो दिवस कुणालाच ठाऊक नाही.
- अमुक दान द्या, तमुक पट परत मिळेल असा हिशेब मांडणारी.
- औषध बंद करायला लावणारी. प्रार्थना करा, जरूर करा. क्षयाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू ठेवून करा. कलस्सैकरांस पत्रात लूकचा उल्लेखच वैद्य म्हणून आहे. साप किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-गंडेदोऱ्यांचे उपचार करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, ते कुणाच्याही देवाच्या नावानं केलेलं असो.
- एकेक वचन सुटं उचलून धाक घालणारी. वचनाचा मागचा-पुढचा अध्याय वाचा. धाक बहुधा तिथंच संपतो.

कशेळ्याहून पुस्तक मिळवायचं कसं

नेरळ किंवा कर्जत गाठून लोकल धरली की कल्याण, ठाणे, दादर एकाच रेषेत. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय (१८६४), ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) इथं टिळक, लक्ष्मीबाई, बाबा पदमनजी यांची पुस्तकं आधी शोधा. विकत घ्यायचं बायबल मुंबईत बायबल सोसायटीकडं पाहा. कॅथलिक पुस्तकांसाठी वांद्र्याला सेंट पॉल्स आणि पॉलीन भगिनींची दालनं आहेत. गावच्या अनुदानित वाचनालयात वाचकानं लेखी मागणी दिली तर समिती खरेदीच्या वेळी तिचा विचार करते. तुम्ही चार जणांनी मिळून मागणी द्या.

पोस्टानं मागवताना ‘ज्ञान पोस्ट’नं पाठवाल का, असं विचारा. मे २०२५ पासून सुरू झालेल्या या सेवेत धार्मिक पुस्तकंही येतात. दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. जमिनीवरून येतं म्हणून उशीर लागतो, पण माग काढता येतो.

नियतकालिकांचे जुने अंक मिळाले तर घ्या. १८४२ मध्ये अहमदनगरला निघालेला ‘ज्ञानोदय’ आणि १९०३ पासूनचं कॅथलिक मासिक ‘निरोप्या’, यांच्या एकेका अंकात मननाला पुरेल एवढं असतं.

तुमचे हक्क

- छापील पुस्तकावर जीएसटी नाही. छापील किमतीपेक्षा जास्त कुणी मागू शकत नाही. बिल घ्या.
- फर्मा गहाळ किंवा उलटा निघाला तर बदलून मिळायला हवं. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.
- लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी मूळ मजकुरावरचा स्वामित्वहक्क संपतो. टिळक, रमाबाई, लक्ष्मीबाई यांचं मूळ लेखन तुम्ही मोकळेपणानं उतरवून, छापून वाटू शकता. नव्या प्रस्तावना आणि टिपा मात्र त्यांत धरू नका. बायबलमधले उतारे घरसभेसाठी छापायचे असतील तर आय. आर. व्ही. वापरा, परवान्याचा उल्लेख तेवढा करा.
- बायबल विकत घेणं, घरात ठेवणं, वाचणं म्हणजे धर्मांतर नाही. त्यानं तुमच्या जातीच्या दाखल्यात काही बदलत नाही. संविधानाच्या कलम २५ नं आपल्या विवेकाप्रमाणं धर्म मानण्याचं स्वातंत्र्य प्रत्येकाला दिलं आहे. तेच स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्यालाही आहे. पुस्तक घ्याच, किंवा घरातलं फेकाच, अशी सक्ती तुमच्यावर कुणी करू शकत नाही.
- सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात बसवता येत नाही (कलम २८). आश्रमशाळेतल्या मुलांना परस्पर पुस्तिका वाटू नका, हेतू कितीही चांगला असो. आई-बाप भेटायला येतात. त्यांना दाखवा, वाचू द्या, आणि त्यांनी हो म्हटलं तरच द्या.

प्रत जपायची कशी

पावसाळ्यात बायबल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. आत घाम धरून बुरशी येते. सुती कापडात गुंडाळा आणि मातीच्या भिंतीपासून, जमिनीपासून वर ठेवा. वाळवी तिथूनच येते. ओल धरलीच तर पानं एकेक सुटी करून पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात पातळ कागद वाकतो आणि पुन्हा सरळ होत नाही. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रोज उघडणं, कारण चाळल्या जाणाऱ्या पानांत वाळवी घर करत नाही.